ढालकिड्यांचे मुलगे

आमच्या घरात देव नव्हते, त्यामुळे दोष द्यायला कोणी नव्हतं. हे मी आता हसत सांगते; तेव्हा ती आमच्या घराची खरी अडचण होती. धम्मदीक्षेच्या वर्षी बाबांनी घरातले सगळे देव फडक्यात बांधून कन्हान नदीत सोडले आणि त्यांच्यासोबत नवस, अंगारे, उपास, दृष्ट सगळंच पाण्यात गेलं. बाबा वारले, तरी आईने तो नेम मोडला नाही. शेजारणींना मुलगा हवा असला की त्या देवळात जाऊन ओटी भरून यायच्या, कुणी कुठल्या बुवाची राख पुडीत बांधून आणायची. आईला ती वाट बंद होती. कुणी तिला ‘एकदा जाऊन तर ये’ म्हटलं, तर ती ताठ होऊन सांगायची, “आमच्या घरी तसं चालत नाही बाई. आमच्या घरी कारण पाहतात.” कारण मिळायचं ठिकाण तिच्या मते एकच, पुस्तक. आणि घरात पुस्तकं वाचणारी मी होते.

भाऊ, म्हणजे माझा मोठा भाऊ, कोराडीच्या वीज केंद्रात बॉयलरवर होता. त्याला मिळालेल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरात आम्ही सात जणं राहायचो: आई, भाऊ, वहिनी, त्यांच्या तीन मुली आणि मी. तिथला दिवस भोंग्यावर चालायचा. भोंगा झाला की एक भाऊ घरी यायचा आणि बाजूच्या क्वार्टरातला एक भाऊ बाहेर पडायचा. मधल्या वेळात कोळशाच्या वाघिणी एकमेकींवर आदळल्याचा आवाज आणि त्याखाली सतत एक घरघर, इतकी सतत की एकदा केंद्र बंद पडलं तेव्हा शांततेने धाकटी रडायला लागली. राख तर घरातल्या माणसासारखी होती. दोरीवरचं लुगडं आधी झटकायचं, मग घडी घालायची. डाळीच्या पातेल्यावर झाकण, माठावर फडकं, झोपलेल्या पोरीच्या तोंडावर पदर. रविवारी वहिनी पाटोडीचा रस्सा करायची. बेसनाच्या वड्या एका हाताने थापत, दुसऱ्या हाताने धाकटीला बाजूला सारत, तोंडाने मोठीचे पाढे ऐकत ती हे सगळं करायची. मसाला भाजल्याचा वास भिंतीपलीकडे गेला की तिकडून आवाज यायचा, “वाटीभर इकडे पाठवशील काय वं?” आणि वाटी जायची. त्या रश्श्याची चव मला नंतर कुठेच मिळाली नाही. वहिनीच्या हातचा मिळाला असता, पण तिच्याकडे जेवायला मी नंतर फार कमी गेले. का, ते याच प्रकरणात येईल.

मी एम.एस्सी. झूलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला होते. रोज बसने नागपूरला जायचं आणि संध्याकाळी डोक्यावर राख घेऊन परत यायचं. माझ्या गाईड मॅडमनी मला ढालकिड्यांचा विषय दिला होता. ढालकिडा म्हणजे चण्याच्या डाळीएवढा, पिवळ्या-लाल पाठीवर काळ्या खुणा असलेला गोल किडा. पिकावरचा मावा खातो म्हणून शेतकऱ्याचा मित्र. एकेका मादीची अंडी वेगळी वाढवायची, पिल्लं मोठी झाली की भिंगाखाली धरून किती नर, किती माद्या ते मोजायचं, एवढंच काम. प्रयोगशाळेत जागा नव्हती, म्हणून लोणच्याच्या रिकाम्या बरण्या मागच्या पडवीत मांडल्या, तोंडाला मलमल बांधली आणि नंबर लिहिले. किड्यांना रोज जिवंत मावा लागतो. तो वहिनीच्या वालाच्या वेलावर भरपूर होता. मी कॉलेजात गेल्यावर शेंडे खुडून बरण्यांत घालायचं काम वहिनीनेच अंगावर घेतलं. आई कुरकुर करायची. “लोकं वालाच्या शेंगा खातात. आमच्या घरी मावा पोसून राहिल्या दोघी.” वहिनी हसायची आणि म्हणायची, “बाईचे पाहुणे हायेत, आई. उपाशी कसे ठेवता?” ती मला नेहमी कुमुदबाई म्हणायची, नाहीतर नुसतं बाई, आणि अहोजाहो करायची. मी तिच्याहून सात वर्षांनी लहान होते. नणंद होते, तेवढं पुरे होतं.

खरं सांगायचं तर पाहणारी ती होती, मी लिहिणारी. एके दिवशी मला दारातच थांबवून म्हणाली, “बाई, पाच नंबरची बाळंत झाली. जागची हलत नाही. पोटाखाली घेऊन बसली हाये.” मी पाहिलं तर ढालकिडा एका मळकट कोषाला पायांनी कवटाळून थरथरत बसला होता. तो त्याचा कोष नव्हता. एक बारीक गांधीलमाशी त्याच्या अंगात अंडं घालते, अळी आतून त्याला खात वाढते, बाहेर येऊन त्याच्याच पायांत कोष विणते. आणि हा अर्धमेला जीव त्या कोषावर पहारा देतो, मुंगी जवळ आली तर अंग झटकतो. मी हे सगळं मोठ्या ऐटीत समजावलं. वहिनीने वाकून बरणीत पाहिलं. मग म्हणाली, “तिले माहीत नसन ना, बाई? तिले वाटत असन आपलंच लेकरू हाये.” मी हसले. किड्यांना काही वाटत नसतं, असं पुस्तकी उत्तर दिलं.

तीन नंबरच्या बरणीचंही तिनेच आधी पाहिलं. बाकीच्या माद्यांची पिवळी अंडी बहुतेक सगळी फुटायची. तीन नंबरची निम्मी फुटायची, निम्मी करडी पडून तशीच राहायची, आणि फुटलेल्यातून निघालेल्या अळ्या पहिलं जेवण म्हणून ती न फुटलेली अंडी खाऊन टाकायच्या. “बहिणी भावायले खाऊन राहिल्या,” वहिनी गमतीने म्हणाली, आणि ते शब्दशः खरं निघालं. त्या मादीला फक्त मुली होत होत्या. मॅडमना सांगितलं तर त्यांचे डोळे चमकले. त्या म्हणाल्या, फळमाश्यांत असं आढळलेलं आहे. आईच्या अंगात एक जंतू राहतो, तो अंड्यातून पुढच्या पिढीत जातो. मुलगी त्याच्या कामाची, कारण ती पुढे अंडी घालणार. मुलगा त्याच्या दृष्टीने बंद गल्ली. म्हणून तो मुलग्यांना अंड्यातच मारतो. मेलेले भाऊ खाऊन बहिणी धष्टपुष्ट होतात आणि जंतूचा वंश वाढतो. जंतूवरचं औषध देऊन पाहा, मॅडम म्हणाल्या. मी मधाच्या पाण्यात टेट्रासायक्लिन कालवून तीन नंबरच्या मादीला पाजलं. पुढची अंडी जवळपास सगळी फुटली. पिल्लं मोठी झाल्यावर रविवारी सकाळी पडवीत बसून मी भिंगाखाली मोजलं आणि पानं वाढलेली असताना ओरडतच आत आले, “मुलगे झाले! मुलगे झाले!”

आईच्या हातातला वाडगा तसाच राहिला. “कोणाले वं?”

“तीन नंबरच्या बरणीला.”

भाऊ मोठ्याने हसला. आई हसली नाही. तिने वाडगा खाली ठेवला, पदर सावरला आणि शाळेत बसल्यासारखी माझ्यासमोर बसली. “नीट सांग.” मी सांगितलं. माझं कधी कुणी इतक्या एकाग्रतेने ऐकलं नव्हतं, नंतर तीस वर्षं वर्गावर शिकवलं, तिथेही नाही. वहिनी तेव्हा चौथ्यांदा गरोदर होती, तिसरा महिना. तीन मुली होत्या आणि दुसऱ्या-तिसऱ्या मुलीच्या मध्ये एक पोट पडलेलं होतं. कामठीची मावशी येऊन बसली की ती आणि आई दोघी आत कुजबुजायच्या: या खेपेलाही पोट्टीच झाली, तर हिला कामठीला माहेरी पाठवायचं, आणि मग भाऊचं दुसरं पाहायचं. हे वहिनीला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, भाऊला ठाऊक होतं आणि तो त्यावर काही बोलत नव्हता. भाऊची गप्प राहण्याची तऱ्हा अशी होती की ज्याला जे हवं ते त्याने त्यातून ऐकावं.

“म्हणजे दोष मायच्या अंगात राहते,” आई म्हणाली.

“ढालकिड्यांत,” मी म्हटलं.

“हो, हो, तेच.”

मग भाऊने मान वर करून मला विचारलं, “बापाचं काई नसते त्यात?”

इथे मला थांबायला हवं. त्या क्षणी पानात पाटोडी होती, धाकटी माझ्या मांडीवर होती आणि उत्तर मला येत होतं. माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या बीजावर ठरतं, हे मी परीक्षेत आकृती काढून लिहिलं होतं. पण माझं वर्ष संपायला पाच महिने होते. मावशीने आणलेलं एक स्थळ माझ्यासाठीही घरात फिरत होतं आणि ‘शिकू दे तिले’ हे भाऊचं एक वाक्य तेवढं मध्ये उभं होतं. मी भाऊच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हटलं, “ढालकिड्यांत नसतं.”

वाक्य पूर्णपणे खरं होतं. आजही कुठल्याही परीक्षकाने त्यात चूक काढून दाखवावी.

भाऊ परत जेवू लागला. आईच्या तोंडावर जे समाधान मी पाहिलं, ते बाबा गेल्यापासून पाहिलं नव्हतं. किती वर्षं ती बिचारी कारण शोधत होती! ना देव, ना नशीब, ना करणी. आणि आता तिच्या पोटच्या पोरीने, एम.एस्सी.वाल्या पोरीने, भिंगातून पाहून कारण आणलं होतं. संध्याकाळपर्यंत ते कॉलनीत पोचलं. “आमच्या सुनेच्या अंगात जंतू हायेत,” आई नळावर सांगत होती, अगदी मायेने, एखाद्याला मधुमेह निघाल्यासारखं. “तिचा काय कसूर? सायन्स हाये ते. दवाई निघाली हाये त्याच्यावर.”

दवाई मीच आणायची होती. मी टाळाटाळ केली, हे माझ्या बाजूने लिहून ठेवते. म्हटलं, ते किड्यांचं आहे, माणसाचं वेगळं असतं. म्हटलं, पोटातलं मूल काय आहे ते आधीच ठरलेलं असतं, आता औषधाने बदलत नाही. हे सगळं मी इतक्या हळू आवाजात म्हटलं की ते म्हटल्याचं फक्त मला आठवतं. भाऊ बूट घालता घालता म्हणाला, “दोन वर्षं झाले, पडवीत पाय ठेवाले जागा नाही. तुह्या शिक्षणाचा घराले काही तरी उपयोग होऊ दे, कुमे.” तेवढंच म्हणाला, रागाने नाही. दुसऱ्या दिवशी बसमधून उतरून मी एका औषधाच्या दुकानात गेले. चिठ्ठी कुणी मागितली नाही. पिवळ्या कॅप्सूल कागदी पुडीत बांधून मिळाल्या. मी स्वतःची समजूत घातली की लोक खोकल्यालाही घेतात, एवढ्याने काय होतं. होतं काय, ते मला माहीत नव्हतं, इथे मी खरंच अडाणी होते. पण गरोदर बाईला डॉक्टरला विचारल्याशिवाय काही देऊ नये, एवढं कळायला झूलॉजी लागत नाही.

वहिनी शेगडीशी बसली होती. मी पुडी दिली. तिने ती लगेच उघडली नाही. पडवीकडे एकदा पाहिलं आणि खालच्या आवाजात विचारलं, “बाई, खरं सांगा. मध्ये माह्यं पोट पडलं होतं, तो पोट्टा होता काय? माह्याच अंगातल्यानं मेला काय तो? मी माह्या पोट्ट्यायले मारून राहिली काय, बाई?”

याला उत्तर एका शब्दाचं होतं. तो शब्द मला येत होता. मी म्हटलं, “घे, वहिनी. बरं वाटेल.”

तिने पाण्याचा पेला घेतला आणि माझ्यासमोर गिळली. पुढे रोज घेत राहिली, पुड्या मी आणत राहिले, पोटात मळमळलं तरी तिने एक दिवस चुकवला नाही. मी प्रबंध लिहीत होते. त्यात आभाराचं पान होतं. मॅडमचे, विभागप्रमुखांचे, मोठ्या भावाचे आभार मानले. बरण्या सांभाळणाऱ्या बाईचं नाव घालायचं सुचलं नाही. सुचलं होतं, घातलं नाही, असं लिहायला हवं.

मुलगी झाली. सुईण बाहेर येऊन थेट हात धुवायला बसली, त्यावरूनच कळलं. आईने सगळ्यांना सांगितलं, “दवाई उशिरा पडली. पैलेच द्यायले पायजे होती.” तिचा पुस्तकावरचा विश्वास जरासुद्धा हलला नाही. वहिनीला ‘महिनाभर आरामाला’ म्हणून बाळासकट कामठीला पाठवलं आणि मोठ्या तिघी इकडेच ठेवल्या. महिना संपला, दुसरा संपला. मावशी दोनदा येऊन गेली. घरात पाटोडी झाली नाही. मी एकदा केली, ती भाऊने अर्धी टाकली. पाचव्या महिन्यात एका दुपारी वहिनी एकटीच कामठीच्या बसने आली. कडेवर पोरगी, हातात पिशवी. कुणी बोलावलं नव्हतं. तिने दोरीवरचे कपडे झटकून घड्या केल्या, शेगडीत कोळसा घातला आणि आईला विचारलं, “भात टाकू की भाकरी?” आई तिच्याकडे पाहत म्हणाली, “भाकरी.” झालं. शिफ्ट संपवून भाऊ आला, पोरीला पाहून हात धुवायला गेला आणि पानावर बसला. दुसऱ्या लग्नाचं नाव नंतर कुणी काढलं नाही. यात कुणाचं मन पालटलं, की फक्त भूक लागली होती, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. वहिनीने मात्र आपली जागा माझ्या किंवा कुणाच्याही मदतीशिवाय परत घेतली.

या चौथीला दात आले ते पिवळे आले. दुधाच्या दातांवर तपकिरी पट्टे, जणू कुणी काडीने रंगवलेले. लोकांनी विचारलं की वहिनी सांगायची, “राखेचं पाणी हाये ना कोराडीचं.” कॉलनीतल्या सगळ्यांनी मान डोलावली, राखेवर कोणताही आळ बसायचा. तोवर मी नागपुरात एका शाळेत नोकरीला लागले होते, आणि एका जुन्या पुस्तकात मला ते वाक्य सापडलं, की हे औषध गरोदरपणात घेतलं तर मुलाच्या दातांवर असे डाग येतात. मी पुस्तक मिटलं. पुढे दुधाचे दात पडले, पांढरे आले, आणि पोरगी तोंड न झाकता हसायला लागली. मला सुटल्यासारखं वाटलं, तिच्यासाठी थोडं आणि माझ्यासाठी जास्त. वहिनी आता मोठ्या लेकीकडे, सुजाताकडे, असते. चष्मा लावून हाताला येईल ते वाचते, हेही वाचेल. म्हणूनच एवढं सविस्तर लिहिते आहे. समोर बसून बोलायचं मला कधीच जमलं नाही.

एक राहिलं. सुजाता दहावीत होती तेव्हाची गोष्ट. मी सुट्टीत कोराडीला आले होते. दुपारी सगळे जेवायला बसलो होतो, वहिनी तव्यापाशी. सुजाता बोटाने पाणी घेऊन फरशीवर अक्षरं काढत होती. “आजी, पाह्य. मायजवळ दोन्ही एक्सच राहते. ते दुसरं काही देऊच शकत नाही. बापाजवळ एक एक्स, एक वाय. त्यानं वाय देला तर पोट्टा, एक्स देला तर पोट्टी. म्हणजे आमी चौघी बाबाच्याच हिशोबानं आलो.”

आई तुकडा मोडायची थांबली. “कोणी सांगितलं?”

“पुस्तकात हाये.”

“पुस्तकवाले काहीबी लिहितात,” भाऊ म्हणाला.

“पुस्तकाले काई म्हणू नको गा,” आई म्हणाली. आवाज बारीक होता, पण बाबांच्या वेळचा होता. भाऊ खाली मान घालून जेवू लागला. आईने वहिनीकडे एकदा पाहिलं आणि पाण्याचा पेला उचलला.

वहिनीने तव्यावरची भाकरी उलटली, फडक्याने दाबली, शेकली, ताटलीत ठेवली. मग माझ्याकडे वळून विचारलं, “बाई, हे तुमाले तेव्हा माहीत होतं काय?”

सगळे माझ्याकडे पाहत होते. दहा वर्षं मी या प्रश्नाची वाट पाहत होते, आणि उत्तर तयारच असल्यासारखं माझ्या तोंडातून निघालं. “नाही, वहिनी. तेव्हा हा शोध लागायचा होता.”

तो शोध माझ्या जन्माच्या कितीतरी आधी लागलेला होता. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी त्या प्रश्नाला मला दहापैकी नऊ मार्क होते.

वहिनीने सुस्कारा सोडला. इतकी वर्षं तिच्या खांद्यांत काहीतरी अडकलेलं होतं, ते उतरताना मी डोळ्यांनी पाहिलं. ती उठली, ताटलीतली ताजी भाकरी माझ्या पानात वाढली आणि तिथेच उकिडवी बसून, सगळ्यांसमोर, म्हणाली, “मंग मले माफ करा, बाई. इतकी वर्षं माह्या मनात येऊन राहिलं होतं, का तुमाले माहीत होतं आणि तुमी सांगितलं नाही. लय वाईट वाईट येत होतं तुमच्याविषयी. तुमचा काई कसूर नव्हता.”

मी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हटलं, “असू दे, वहिनी. मी काही मनावर घेत नाही.”